देठावरची चीर

मखमलाबाद, नाशिक
४ फेब्रुवारी २०२५, मंगळवार

चि. मंजू,

हे पत्र क्रेटच्या तळाशी आहे, मेथीच्या जुड्यांखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत. वर ठेवलं असतं तर टेम्पोवाल्या फकिराने वाचलं असतं आणि नाशिकच्या बाजारात पोचेपर्यंत दहा जणांना सांगितलं असतं. तू माझा नंबर ब्लॉक केलास, मग दुसरा मार्ग काय? आईशी बोलतेस, रोहिणीशी बोलतेस. पण त्याच माझ्या बायकोच्या फोनवरून मी 'हॅलो' म्हटलं की कट. चार महिने झाले. लहानपणी पेरूवरून भांडलो तरी संध्याकाळपर्यंत बोलायचीस.

राग कशाचा ते मला माहीत आहे. नानांच्या दहाव्याला गोदाघाटावर, सगळ्या भावकीसमोर, मी म्हणालो की तूच त्यांना उपाशी मारलंस. म्हणालो, हे खरं. पण बापाच्या पिंडाला कावळा शिवत नाही म्हणून माणूस दोन तास उन्हात उभा असतो, तेव्हा तोंडातून काहीतरी निघून जातं. तू तरी लगेच चपला घालून चालू पडायला नको होतंस.

नानांची साखर चारशेच्या वर गेल्यावर आठ महिने त्यांचं ताट तूच लावून दिलं होतंस. सकाळी नाचणीची आंबील, दोन भाकऱ्यांच्या जागी एक, अर्धं ताट भाजी, रात्री अंगणात वीस फेऱ्या. नाना कुरकुरले की तुझं ठरलेलं वाक्य यायचं, "जे जन्मभर खाता येईल तेच आजपासून खा." नानांचा जन्मच तेवढा उरला होता, त्याला तू काय करणार! हे मी आता म्हणतो. तेव्हा म्हणायला हवं होतं.

असो. कामाचं लिहितो. तुझ्या त्या 'सकस सकाळ'वाल्या लोकांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी एक क्रेट येत राहील, हे आईने ठरवलंय. भाजी आपल्या घरच्या खाण्याच्या वाफ्यातली आहे. त्यावर फवारा जात नाही, तुला माहीतच आहे. दुधीही लावला. मांडवावर एकवीस वेल, घरचंच बी, आढ्याला टांगलेल्या भोपळ्यांतलं. पाटाकडच्या शेवटच्या ओळीतले पाच वेल पंधरा दिवस मागे पडतील, तिथे पाणी उशिरा पोचलं.

आई विचारते, पाडव्याला येशील का? मी विचारत नाही, आई विचारते.

दादा


१८ मार्च, मंगळवार

चि. मंजू,

क्रेट धुऊन परत येतं, पण पत्र परत येत नाही. वाचलंस की चुलीत घातलंस कळायला मार्ग नाही. तुझ्या फ्लॅटमध्ये चूल नाही, म्हणजे वाचत असशील असं मी धरून चालतो.

रोहिणी रोज तुझं स्टेटस दाखवते. आठ बायकांवर सुरू केलेलं, आता साठ माणसं झाली म्हणे. जॉगिंग ट्रॅकजवळच्या बागेत पहाटे सहाला हजर. आधी तू दुधीचा रस पिणार, मग सगळे तासभर चालणार, चालून आल्यावर त्यांचे पेले. "पहिला पेला माझा, मग तुमचा." हे मला आवडलं. डॉक्टरसुद्धा स्वतःचं औषध आधी पीत नाही. पण परवा तू लिहिलं होतंस, "जिभेला काय आवडतं ते विचारू नका, पोटाला काय हवं ते विचारा." हे वाचून आई हसली नाही. म्हणाली, "जीभ देवानं पोटाच्या दारावर राखणीला ठिवलीय. तिला इचारायचं नाय म्हंजी काय?" नानांचं तर सरळ म्हणणं होतं की दुधी भाजी करून खावा, रस कसले पिता. बाकी तुझी सगळी यादी आईला पटते. भाकरी, उसळ, ताक, चालणं. म्हणते, हे तर आम्ही जन्मभर करत आलो, पोरीने फक्त त्याला वेळ लावून दिली.

दुधी लागला. आईने परवापासून चाखायला सुरुवात केली. गुडघ्यावर हात टेकत मांडवाखाली जाते, वेलाचं पहिलं फळ काढते, देठाकडचा नखाएवढा तुकडा कच्चा चावते. गोड निघाला की त्या वेलाच्या प्रत्येक दुधीच्या देठावर विळ्याने एक आडवी चीर. बाजारात अजूनही जुनी गिऱ्हाइकं विचारतात, सगुणाबाईची चीर आहे का?

तुला आठवतं का, तू सात वर्षांची होतीस आणि आईच्या आधी तुकडा तोंडात घातलास? थुंकलीस, रडलीस. आईने तो वेल तिथल्या तिथे उपटला, बारा फळांसकट. नानांनी तो उचलून उकिरड्यावर टाकला. कडू वेलाची आपल्या घरात कधी गय झाली नाही.

बांधावरचा रानभोपळ्याचा वेल मात्र गेल्या पावसाळ्यात तसाच राहिला. दरवर्षी नाना काढायचे. ते अंथरुणावर होते आणि माझ्याकडून राहून गेलं. नाना म्हणायचे, बांधावरचा कडू आणि मांडवावरचा गोड एकाच वेळी फुलले की माश्या इकडचं तिकडे करतात आणि पुढच्या सालचं बी बिघडतं. म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टी. त्याचे वाळलेले तुंबे अजून पाटाकडे लटकतायत.

आणखी एक. नानांच्या गादीखाली पेढ्यांचे कागद सापडले होते. रोहिणीने तुला सांगितलं का? नसेल सांगितलं तर राहू दे.

दादा


३१ मार्च, सोमवार

चि. मंजू,

तू आली नाहीस. आईने तुझ्यासाठी गुढीची साखरगाठी वेगळी काढून ठेवली होती. तू साखर खात नाहीस हे तिला माहीत आहे, तरी ठेवली.

काल जे झालं ते तुला सांगायलाच हवं, आणि तू ते आईला बोलून दाखवू नकोस. रोहिणीने कडुलिंबाची गोळी वाटली. जिरं, चिंच, चण्याची डाळ सगळं घातलं, गूळ तेवढा विसरली. घासाबरोबर तिचं तोंड असं वाकडं झालं की मला हसू आवरेना. आई मात्र पोहे खावेत तशी खात होती. एक गोळी संपवून दुसरी घेतली. मी विचारलं, "आई, कडू नाही लागलं?" तिने आधी रोहिणीच्या तोंडाकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "लागलं की."

मंजू, तिला काहीच लागत नाही. जानेवारीत ताप येऊन गेला तेव्हापासून असणार. भाजीत मीठ दुप्पट पडतं, आम्ही वयावर ढकलत होतो. म्हणजे गेले पंधरा दिवस ती मांडवाखाली नुसती चावत होती आणि जुन्या सवयीने चीर देत होती. नशीब, ते वेल चांगले निघाले. आम्ही त्यांचीच भाजी खातोय, रोहिणीला एकदाही कडू लागली नाही.

मी तिच्या हातातून विळा घेतला. म्हटलं, तुझे गुडघे दुखतात, दुधीचं आता मी बघतो. भांडेल असं वाटलं होतं. तिने मुकाट्याने देऊन टाकला. चाळीस वर्षं कुणाला हात लावू न दिलेला विळा तिने इतक्या सहज दिला. फक्त एवढं म्हणाली, "तुझी जीभ तरी धड हाय ना रं? तंबाखू सोडलीस म्हनतोस."

सोडली म्हटलं. सोडलीच आहे. नानांच्या चितेसमोर तुला शब्द दिला होता, विसरलो नाही. कधीतरी लवंग चघळतो, बस.

आणि हो, गोळी मीही खाल्ली. मला कडू लागलं. का नाही लागणार?

दादा


८ एप्रिल, मंगळवार

मंजू,

आज वेळ नाही. ऊन चाळीशीला टेकलंय, पाण्याची पाळी आहे. दुधी अठरा आहेत, सगळ्यांच्या देठावर चीर आहे. बघून घे.

दादा


१५ एप्रिल, मंगळवार

चि. मंजू,

तुझी मागणी वाढली असं फकिरा सांगत आला. साठ माणसं म्हणजे आठवड्याला चाळीस दुधी. देतो. पाटाकडची शेवटची ओळही आता लागली आहे. मागून आली, पण फळ असं भरलंय की मांडव वाकलाय. उन्हात इतका जोर त्या पाच वेलांना कुठून आला, काही समजत नाही.

तुला हसू येईल, पण महिनाभर मी तुझ्या पद्धतीने जेवतोय. रोहिणीने भिंतीवर तुझं वाक्य लिहून लावलंय. बाजरीची एक भाकरी, दोन वाट्या भाजी, दुपारी ताक, संध्याकाळी पाटावरून मोरीपर्यंत चालत जाऊन परत. पँट ढिली झाली. झोप लागते. नाना असते तर म्हणाले असते, पोरीनं बापाला नाही तर भावाला सरळ केलं.

म्हणून आज एक गोष्ट सांगून टाकतो. नानांना पेढे मी आणून द्यायचो. तू रविवारी येऊन त्यांची साखर तपासायचीस आणि ती खाली यायची नाही, तेव्हा तू वहीत बघत बसायचीस की आपलं कुठे चुकतंय. मी दाराशी उभा असायचो. ते हात जोडायचे गं माझ्यापुढे, "रव्या, एक दे." मला देववायचं नाही आणि नाही म्हणवायचंही नाही. मग दहाव्याला ते वाक्य मी तुझ्यावर फेकलं, कारण ते माझ्यावर पडायला नको होतं.

हे लिहून हात हलका झाला. तू वाचलंस तर एक काम कर, या शुक्रवारी क्रेटमध्ये एक ओळ टाक. शिवी दिलीस तरी चालेल.

रोहिणी सध्या माझ्यावर फुगली आहे. पंपाच्या खोलीत तिला तंबाखूची पुडी सापडली. गड्याची आहे म्हणालो. तिने विचारलं, मग मांडवाखाली नीट चाखता ना? म्हटलं, चीर दिसत नाही का? चीर दिसत होती. तिचं समाधान झालं.

दादा


२२ एप्रिल, मंगळवार

चि. मंजू,

शुक्रवारी ओळ आली नाही. ठीक आहे.

काल शेजारच्या भागुबाई आल्या होत्या. परवा त्यांनी आपल्या मांडवावरून एक दुधी नेला होता, पाटाच्या बाजूचा. बांधावर उभ्या राहूनच ओरडल्या, "रव्या, तुझा दुध्या कडूजहर निघाला रं! भाजी फेकून दिली मी. कच्ची फोड शेळीपुढं टाकली तर शेळीनं बी तोंड लावलं नाय." मी म्हटलं, मावशी, तुमची कढई तपासा, कारलं तळलेल्या तेलात केली असेल. त्या म्हणाल्या, "शेळीनं कुठं कढईत खाल्लं?" आणि निघून गेल्या.

त्यांना सवयच आहे. गेल्या वर्षी आपल्या कोथिंबिरीलाही वास येत होता त्यांच्या मते.

तरी एक सांगतो, सहज सांगतो. तू दुधी किसायला घेतेस तेव्हा देठाकडचा तुकडा आपला तोंडात टाकून बघत जा. आईची सवय आहे, ती तुझ्याही हातात राहावी एवढ्यासाठीच. चीर असली तरी बघ. आणि कडू लागलं तर पोटाला विचारत बसू नकोस, थुंकून टाक.

फकिराजवळ तोंडी निरोप देणार होतो. पण तो बाजारात सांगेल की सगुणाबाईच्या मांडवाचा भरवसा राहिला नाही, मग लोक विचारतील की चाखतं कोण. पत्रातच बरं. हे पत्र आज वरच ठेवणार होतो, पण फकिराची नजर क्रेटवरच होती. म्हणून तळाशीच आहे, वीस दुधींच्या खाली.

भरलेल्या ओळीतलेच आहेत. छान आहेत दिसायला.

दादा


२७ एप्रिल, रविवार
दवाखाना, नाशिक

मंजू,

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. सिस्टरकडून कागद मागून घेतला. तू आत आहेस, काचेतून पाय दिसतात. सकाळी नळी काढली. बोलता येत नाही म्हणून तू चिठ्ठी लिहिलीस आणि सिस्टरने ती माझ्या हातात दिली. सात महिन्यांत तुझ्याकडून आलेली ही पहिली ओळ आहे. तिचं उत्तर द्यायच्या आधी बुधवारपासून सगळं सांगतो. यावेळी काही गाळणार नाही.

बुधवारी पहाटे वीज आली म्हणून सहाला पंप लावून मी पाटाकडच्या ओळीला पाणी सोडत होतो. उजाडलं तसे बांधावरचे तुंबे दिसले. तेच, नानांनी दरवर्षी काढलेले आणि मी ठेवलेले. त्यांच्या बरोबर समोर आपले पाच वेल, गेल्या सालच्या याच टोकाच्या भोपळ्याच्या बियांचे. मला शेळी आठवली. एक दुधी कापला, तुकडा चावला. काही नाही. तंबाखू थुंकली, पाटाच्या पाण्याने तीनदा चुळा भरल्या, पुन्हा चावला. काहीच नाही, ओल्या कापडासारखं. हो, तंबाखू. मी एक दिवससुद्धा सोडली नव्हती. पाडव्याची गोळीही मला लागली नव्हती. मी रोहिणीचं तोंड बघून तोंड वाकडं केलं होतं, जसं आईने बघून 'लागलं' म्हटलं.

रोहिणीला हाक मारली. "चाख." तिने तोंडात घातला आणि नळाकडे धावली. खाकरत, ओठ घासत म्हणाली, "हे विष आहे. तुम्ही चाखलं नव्हतं?" तिच्या फोनवरून तुला लावला. वाजत राहिला. चालणं होईपर्यंत तुझा फोन आवाज बंद करून पिशवीत असतो, तुझाच नियम. पाच वेळा लावला. मग मोटारसायकल काढली.

मी पोचलो तेव्हा सात वाजायला आले होते. लोक ट्रॅकवरून परत येत होते. लांब टेबलावर साठ पेले ओळीने मांडलेले, प्रत्येकावर झाकण. तू बाकाशेजारी ओणवी होतीस, दोन बायकांनी धरलेलं. पायाशी जे पडलं होतं त्यात लाल होतं. एक म्हातारे गृहस्थ पहिल्या पेल्याचं झाकण उचलत होते. मी टेबल दोन्ही हातांनी उलटं केलं. लोकांना वाटलं, बाईंचा भाऊ वेडा झाला. होऊ दे. एकही पेला कुणाच्या पोटात गेला नाही, एवढं तुला सांगायला हवं, कारण शुद्धीवर आल्यावर तू आधी तेच विचारशील असं मला वाटलं होतं.

तुमच्या गटातल्या धोंडाबाई गाडीत तुझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पहिल्या घोटालाच बाई थांबल्या होत्या हो. म्हणाल्या, आज बराच कडू आहे. मी म्हटलं, मग टाका. तर म्हणाल्या, नाही, आमच्या घरचा आहे, चीर बघून घेतलाय. आणि एका दमात संपवला."

एका दमात. सात वर्षांची होतीस तेव्हा थुंकलीस आणि वाचलीस. आता चाळिशीला आलीस आणि स्वतःच्या जिभेपेक्षा त्या चिरेवर विश्वास ठेवलास.

डॉक्टरांनी सांगितलं की कडू दुधीच्या रसाने आतडं सोलल्यासारखं होतं, रक्त जातं, रक्तदाब कोसळतो. असे पेशंट पूर्वी त्यांच्या हातून गेलेतही. मग ते म्हणाले, "कुणीतरी आधी चाखून बघायला हवं होतं." ते सहजच म्हणाले. आई भिंतीला टेकून बसली होती. तिने ऐकलं आणि उठून डॉक्टरांचे हात धरले. "मी चाखलं व्हतं डॉक्टर. चीर माझीच हाय. माझी जीभ मेली आन् मी कुनाला सांगितलं नाय. मीच मारलं माझ्या पोरीला."

तिच्या लक्षातच राहिलं नाही की पाटाकडची ओळ पाडव्यानंतर लागली, विळा माझ्याकडे आल्यावर. तिने चाखले ते वेल वेगळे. त्या पाचांच्या जवळ ती कधी गेलीच नाही. मला हे तिथे, त्या क्षणी, माहीत होतं. मी तिच्या शेजारी पाण्याची बाटली धरून उभा होतो.

ती चार दिवस हेच बोलतेय. नर्सला, लिफ्टवाल्याला, भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला. बुधवारपासून तिच्या पोटात अन्न नाही. चहा दिला तर म्हणते, "मला चव कळत नाय, मला कशाला?" आणि मी तिला बोलू दिलं, चार दिवस. पेढ्यांच्या वेळी तू होतीस अंगावर घ्यायला, या वेळी आई मिळाली.

शुक्रवारी तुझे कपडे आणायला फ्लॅटवर गेलो. कपाटात वरच्या खणात माझी पत्रं होती. एकही उघडलेलं नव्हतं. पिशव्यांसकट, तारखेने लावलेली, प्रत्येकावर तुझ्या अक्षरात मिळाल्याचा दिवस. फेकली का नाहीस मग? कधीतरी वाचणार होतीस ना? मंगळवारचं सगळ्यात वर होतं. ते घेऊन मी तिथे खाली बसलो. त्यात लिहिलंय, तुकडा चाखून बघ, चीर असली तरी बघ. ते पत्र फोडून आणता आलं असतं. सगळ्यांना दाखवता आलं असतं की बघा, मी सावध केलं होतं, तिने वाचलं नाही. मला हे सुचलं, मंजू. तुझ्या रिकाम्या घरात बसून मला पहिलं हे सुचलं. तू पत्रं उघडत नसशील अशी शंका मला कधीपासून होती, आणि तरी मी ते वीस दुधींच्या खाली ठेवलं.

ते पत्र तिथेच ठेवून आलो. संध्याकाळी एकवीसही वेल उपटले. रोहिणीने विचारलं, चांगलेही का? मला चांगला कुठला ते सांगता येत नव्हतं.

आता तुझी चिठ्ठी. अक्षर वाकडं आलंय, पण वाचता येतं. "देठावर चीर होती म्हणून प्यायले. आईची चूक झाली असेल, वय झालं. तिला काही कळू देऊ नकोस, दादा."

दादा लिहिलंस. सात महिन्यांनी. तू असं लिहिलंस की मी गप्प बसलो तरी रोहिणीशिवाय कुणी मला विचारणार नाही. आई म्हणते चूक तिची, तू म्हणतेस चूक तिची, डॉक्टरांच्या कागदावर माझं नाव कुठे नाही. गप्प बसलो की तू माझ्याशी बोलायला लागशील. सांगितलं तर कदाचित पुन्हा कधीच नाही. डॉक्टर म्हणतात मूत्रपिंडांचं अजून दोन दिवस काही सांगता येत नाही, म्हणजे सांगायला दोनच दिवस आहेत असंही होऊ शकतं. तासभर ही चिठ्ठी हातात धरून बसलोय.

हे पत्र कशाच्याही खाली ठेवणार नाही. चार वाजता एकाला आत सोडतात, तेव्हा तुझ्यासमोर उभा राहून वाचणार आहे. त्याआधी आईला. ती आत्ता शेजारीच बसली आहे, चहा निवून गेलाय. मघापासून कागदाकडे बघतेय. तिला वाचता येत नाही. आत्ताच तिने विचारलं, "काय लिवतोस रं एवढं?" म्हटलं, वाचून दाखवतो, ऐक. अगदी पहिल्यापासून नाही वाचणार, तेवढा धीर नाही. या एका ओळीपासून सुरू करतो.

ती चीर मी दिली होती, न चाखता.

रवी